सुरूला दिलेली अक्षत

८ डिसेंबर १९२७, गुरुवार. अमरावती कॅम्प.

पोचलो एकदाचे. बडनेऱ्याहून एका टांग्यात सगळं बिऱ्हाड मावलं: दोन वळकट्या, एक ट्रंक, कौशल्येचा पाटा-वरवंटा आणि माझ्या मांडीवर तुळशीची कुंडी. टांगेवाल्यानं विचारलं, बदली होऊन आले काय मास्तर? मला कोणी मास्तर म्हटलं हे ऐकून कौशल्या पदराआड हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली.

मास्तर कसला. अकोल्याच्या बाजारात वीस वर्षं भाजीची पाटी वाहिली, पुढे साहेबांच्या बंगल्यांना फुलं पुरवू लागलो, तिशीत अक्षरं गिरवली. आता एका कापूस कंपनीच्या बंगल्यावर बागेचा सुपरवायझर. साहेब आणि मडम मुंबईला आहेत, बावीस तारखेला येतील. तोवर बंगल्यात आम्ही नवराबायको आणि म्हातारा चौकीदार नत्थुजी.

मागच्या अंगाला आम्हाला दोन कौलारू खोल्या दिल्या आहेत, आणि खोल्यांपासून तीस पावलांवर विहीर. पोहरा पाण्यावर आपटला की आवाजावरून मला पाणी किती ते कळतं. लहानपणी बापाची मोट ऐकून ऐकून कान तयार झाले आहेत. अठरा हात पाणी. नत्थुजीनं दोरी टाकून मोजलं, अठराच भरलं. म्हणाला, कान हायेत का काय हायेत भाऊ तुमचे?

कौशल्येनं उभ्या उभ्या तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. आमचा गाव खारपाणातला, जिथे विहिरी खणा, नाहीतर तळी खणा, पाणी मिठासारखंच लागतं. त्याच पाण्यानं आणि भादव्यातल्या तापानं तिला पिळून काढलं. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, हिला गोड पाण्याच्या गावी न्या, नाहीतर पुढचा उन्हाळा काढणार नाही. म्हणून ही नोकरी धरली. सुपरवायझरी नंतरची. मी विहिरीसाठी आलो.

पाणी पिऊन ती म्हणाली, अजी, हे तं साखर घातल्यावानी हाय.

फार थकलो आहे. पण हा थकवा बरा वाटतो.

१० डिसेंबर, शनिवार.

हेडक्लार्क वामनराव आज मडमेचा कागद घेऊन आले. हे पुण्याकडचे, माझं बोलणं ऐकून रोज एकदा तरी कान चोळतात. म्हणाले, उत्तमराव, हा कागद म्हणजे तुमची परीक्षा समजा. मडमेच्या मनासारखं झालं तर नोकरी कायम, नाहीतर नव्या वर्षात अकोला.

नाताळाला मडमेला दिवाणखान्यात एक ताजं झाड हवं. विलायतेत जे लावतात ते इकडे होत नाही, तेव्हा सुरूचं चालेल. पुरुष-दीड पुरुष उंच, चहूबाजूंनी भरदार. डहाळी बोटांत धरून ओढली तर सुया हातात येता कामा नयेत, वाकवली तर लवली पाहिजे, मोडता कामा नये. बुंधा धरून जमिनीवर आपटून पाहावं, कचरा गळला तर झाड शिळं समजावं. घरी आणल्यावर बुडाचा दोन बोटं तुकडा पुन्हा कापायचा, कारण पहिला काप चिकानं बंद होतो आणि मग झाड पाणी ओढत नाही. लगेच पाण्यात ठेवायचं. शेगडीपासून लांब, उन्हापासून लांब. मेणबत्त्या लावताना शेजारी पाण्याची बादली आणि ओलं पोतं. सहा जानेवारीला बाहेर काढायचं. आणि एका ओळीखाली मडमेनं शाईनं दोनदा रेघ मारली आहे: पाणी कापाच्या खाली कधीही उतरू देऊ नये. एकदा उतरलं तर झाड वाळतं, आणि वाळलेलं झाड ठिणगीला टपलेलं असतं.

वामनरावांनी हे तीनदा वाचून दाखवलं. बाई हुशार आहे. फुलांच्या धंद्यात मी हेच करत आलो.

१२ डिसेंबर, सोमवार. परतवाडा.

नांदगाव पेठेच्या रस्त्यावरचे सुरू शनिवारीच पाहून टाकले. धुळीनं माखलेले, डहाळी ओढली की सुया मुठीत. मग वामनरावांनी सांगितलं, परतवाड्याला जुन्या छावणीचं गोऱ्यांचं कबरस्तान आहे, तिथे सुरूच सुरू. चिठ्ठीही दिली. काल पहाटे चंद्रभानच्या बैलगाडीनं निघालो, आज इथे.

वाऱ्यानं सगळे सुरू एका सुरात घुमतात. एकच झाड गप्प होतं, कोपऱ्यातलं. भरदार, काळपट हिरवं, सुया ओल्या असाव्यात तशा गार. ओढलं, वाकवलं, हलवलं. एक सुई गळली नाही. बाकी सगळीकडे गुडघाभर गवत, पण याच्या भोवती चार हात जमीन भेगाळलेली, गवताची काडी नाही. मी चंद्रभानला म्हटलं, पाहा, मुळं किती ताकदीची, शेजाऱ्याले थेंब ठेवत नाही. असं झाड घरात महिनाभर टिकेल.

आम्हा माळ्यांत जितं झाड कापायचं तर आदल्या संध्याकाळी बुडाशी सुपारी ठेवतात आणि सांगतात, जे कोणी इथे वस्तीला असाल ते उठा, दुसरं घर पाहा. मग एक रात्र मध्ये जाऊ देतात. झाड लग्नाच्या मांडवाची मेढ करायचं असलं तर दुसऱ्या दिवशी अक्षत देऊन त्या लाकडाला आवतण करतात. कौशल्येनं सुपारी आणि तांदूळ पुडीत बांधून दिले होते आणि दोनदा बजावलं होतं, आधी उठवा, मग एक रात्र थांबा.

पण चंद्रभानची परतीची घाई. झाडही उद्या पाण्यात पडायला हवं. मी सुपारी ठेवली, अक्षत टाकली आणि दोन्ही कामं एकदमच उरकली. सवयीनं तोंडातून निघून गेलं, चला बाप्पा, जे कोणी असाल ते चला आमच्या घरी, माझ्या दारी कोणी तहानलेलं राहत नाही.

चंद्रभान हसला. म्हणाला, गोऱ्याले वऱ्हाडी समजन काय?

बुडाशी एक आडवा दगड होता. त्यावरची इंग्रजी अक्षरं झोकदार वाटली, म्हणून या पानामागे जशीच्या तशी उतरवून घेतली आहेत.

१३ डिसेंबर, मंगळवार.

झाड आणलं. वाटेत बुंध्याला ओलं पोतं गुंडाळलं होतं, ते दर कोसाला कोरडं होई. चंद्रभानच्या मशकीतलं पाणीही सरलं. त्यानं माझ्यावर आळ घेतला, मी त्याच्यावर.

बुडाचा दोन बोटं तुकडा कापला. आतलं लाकूड लालसर. तांब्याचं मोठं घंगाळ काढलं, विटांनी झाड ताठ बसवलं, तीन बादल्या पाणी. शेगडीपासून दहा पावलं, खिडकीचे पडदे ओढलेले. नत्थुजी दारातूनच पाहत होता. आत काही आला नाही.

कौशल्येनं विचारलं, उठवलं होतं ना? मी म्हटलं, हो.

१५ डिसेंबर, गुरुवार.

पहिल्या दिवशी झाडं पाणी जास्त ओढतात हे मला ठाऊक आहे. गुलाबाचे दांडेसुद्धा ओढतात. पण काल सकाळी घंगाळ अर्धं. पुन्हा भरलं. दुपारी अर्धं. पुन्हा भरलं. आज सकाळी कापाच्या वर दोन बोटं उरलं होतं. घंगाळाखाली हात घालून पाहिलं, फरशी कोरडी. गळत नाही.

झाड मात्र पाहण्यासारखं झालं आहे. शेंड्याला नवी पालवी आहे. मडम खूश होईल.

कौशल्येला तहान लागते. बरं वाटू लागलं की लागते, म्हणालो.

१६ डिसेंबर, शुक्रवार.

आज सहा वेळा भरलं. अठरा बादल्या. खांदे बधिर झाले आहेत.

भरदुपारी दिवाणखान्यात बसून राहिलो. बंगला शांत, बाहेर एक होला घुमत होता. तो उडून गेल्यावर आवाज कानावर आला. झाड पाणी ओढतं त्याला आवाज नसतो. आजवर लाखभर झाडं हाताखालून गेली, एकाचाही ऐकला नाही. याला होता. एक घोट. मग श्वास. मग घोट. ओंजळीनं पाणी पिणारा दमलेला माणूस पितो तसा.

नत्थुजीला बोलावलं. त्यानं दारातून कान दिला आणि म्हणाला, मले कायी ऐकू येत नाई भाऊ. पण त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

विहीर सोळा हात. डिसेंबरात एवढी उतरत नाही.

१७ डिसेंबर, शनिवार.

कौशल्येचा ओठ फुटला. माठ झाकलेला, वर फडकं बांधलेलं, आणि सकाळी तळाला ओलसुद्धा नाही. ती म्हणाली, अजी, हे पानी आपल्या गावचं लागून राहिलं. मी चाखलं. मला गोड लागलं. तिला खारट.

हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते.

सिव्हिल हॉस्पिटलातले डॉक्टर येऊन गेले. भरपूर पाणी द्या, म्हणाले.

१८ डिसेंबर, रविवार.

वामनरावांच्या घरी जाऊन या वहीचं ते पान दाखवलं. चष्मा पुसून वाचलं त्यांनी. गोऱ्या पलटणीतला शिपाई. वय बावीस. मे महिना. परतवाड्याच्या वाटेवर कूच करताना उन्हानं मेला. खाली सोबत्यांनी लिहिलं आहे की त्याला वेळेवर पाणी मिळालं नाही.

वामनराव म्हणाले, साठ वर्षं झाली की हो याला, तुम्हाला कशाला हवंय? मी वही मिटून उठलो.

परत आल्यावर नत्थुजीला सगळं सांगितलं. त्यानं पेटवायला काढलेली बिडी कानामागे खोचली. मग विचारलं, उठा म्हनले व्हते काय तुमी त्याले? मी मान हलवली. नाही. उठा म्हटलंच नाही. चला म्हटलं. माझ्या घरी चला. कोणी तहानलेलं राहत नाही, हेही म्हटलं.

नत्थुजी म्हणाला, मंग तो आला. त्याचं काय चुकलं?

१९ डिसेंबर, सोमवार.

पाहुण्याला नारळ देऊन निरोप देतात. सकाळी अंघोळ करून झाडापुढे बसलो. हात जोडून म्हटलं, पाहुणचार झाला, आता जा बाबा, वाट मोकळी आहे. नारळ पाणीदार पाहून आणला होता, कानाशी हलवून, आतलं पाणी ऐकून. फोडला.

आत थेंब नाही. खोबरं करकरीत वाळलेलं, वर्षाचं असावं तसं.

मग संतापानं घंगाळ उलटं केलं. पी आता काय पितो ते. दुपारपर्यंत झाडाची सुईही मलूल झाली नाही. तेवढ्यात मागून नत्थुजीची हाक. कौशल्या चुलीपाशी पडलेली. जीभ काळी, टाळूला चिकटलेली. डोळे उघडे, पण ओल नाही त्यांत.

धावत गेलो, बादलीवर बादली, घंगाळ भरलं. काप बुडाला. मागे खोलीत कौशल्येनं श्वास घेतला आणि पाणी मागितलं.

पाणी कापाच्या खाली कधीही उतरू देऊ नये. दोनदा रेघ.

आता कळलं. घंगाळात असलं तर घंगाळातलं पितो. नसलं, पुरलं नाही, तर घरातल्या माणसाचं.

२० डिसेंबर, मंगळवार.

पहाटेपासून ओढतो आहे. नत्थुजी दोरी धरतो, मी वाहतो. आत मात्र तो येत नाही. विहीर सात हात.

तिला टांग्यात घालून बडनेऱ्याला धाडलं, तिच्या भावाकडे अकोल्याला. वाटलं, या घरातून गेली की सुटेल. तासाभरात टांगा परत. टांगेवाला म्हणाला, मास्तर, बाईनं नाल्याशी उतरून चिखलाले तोंड लावलं. ती या घरची आहे. मी घरी बोलावलं होतं. जाईल कुठे.

झाड उपटू पाहिलं. हललं नाही. विटांमधून हात घालून चाचपलं. कापलेल्या बुडातून पांढरी मुळं. फरशीच्या सांध्यातून खाली. मी ओढलं तेव्हा मागे ती ओरडली.

काडी लावली. ओल्या पोत्याला लावावी तशी विझली. दुसरी. तिसरी. मडम उगाच भिते. हे झाड जळणार नाही.

बादल्यांनी तळहात सोलले आहेत. अक्षर वाईट येतं.

२१ डिसेंबर, बुधवार. सकाळ.

विहीर तीन हात. गढूळ.

मी पाणी ओतलं की तो क्षणभर थांबतो. मग पितो. काल वाटलं, वाईट नाही हा. बावीस वर्षांचा. कोणीतरी बोलावलं म्हणून आला. मी त्याला म्हटलं, अरे बापू, पुरे कर आता, ती आजारी आहे. तो थांबला. ऐकत होता. मग—

घोट.

२१ डिसेंबर. दुपार.

शेजारच्या बंगल्याची विहीर. त्यांच्या माळ्यानं चार बादल्या दिल्या, मग फाटक लावलं. लोक म्हणतात, सुपरवायझरचं डोकं फिरलं. असेल.

दिवसभरात किती ओतलं मोजलं नाही. बसलो की उठवत नाही. बादली खाली ठेवली तरी बोटं कडीवरच राहतात, वळलेली.

कौशल्या म्हणाली, तुमी बसा आता. मले जाऊ द्या. मी ओरडलो तिच्यावर. वीस वर्षांत ओरडलो नव्हतो.

२२ डिसेंबर, गुरुवार. पहाट.

पोहरा आपटला. पाण्याचा आवाज नाही. दगडाचा.

सकाळ.

घंगाळात कापाच्या वर एक बोट. ती भिंतीकडे तोंड करून. बोलत नाही. श्वास ऐकू येतो, वाळल्या पानांत सरडा जावा तसा.

विचार केला. विचार करायला मला वेळ लागत नाही, बाजारात तेच केलं. आवतण कोणी दिलं? मी. तिनं तर उठवा म्हटलं होतं. मग तिच्याकडून का वसूल? कारण ती घरात पडून, हाताशी, आणि मी सारखा पळणारा. यजमान पाहुण्याजवळ बसलाच नाही दहा दिवस. बादल्याच पाठवल्या त्यानं.

जेवण वाढताना यजमान आपल्या हातानं वाढतो.

सकाळ. थोड्या वेळानं.

हात घंगाळात घातला. डावा. उजवा लिहायला.

मुळं गार. बोटांना गुंडाळली. दुखत नाही. नुसता थकवा, पाटी वाहून आल्यावर यायचा तसा, आणि आता पाटी उतरवून घेतंय कोणी.

पाणी कापाच्या खाली गेलं. मागून ओरडणं नाही आलं.

बोटं सुपारीसारखी झाली आहेत. मनगटापर्यंत.

नत्थुजी दारात. रडतो. त्याला म्हटलं, मडम आली की सांग झाड चांगलं निघालं, एक सुई गळली नाही. आणि म्हटलं, तिला अकोल्याला नेऊ नको. खारं पाणी नको तिला. कुठे गोड पाणी असेल तिथे—

नत्थुजी माठ घेऊन गेला. शेजारच्यांनी फाटक उघडलं. भरून आणला.

कोपरापर्यंत.

ऐकतो आहे. खोलीपासून इथवर साठ पावलं, पण कान आहेत. माठाचं झाकण. तांब्या बुडाला. ती उठून बसली, बांगड्या वाजल्या. पिते आहे. एक घोट. थांबली. नत्थुजीला काय म्हणते— गोड हाय म्हणते. साखर घातल्यावानी—

पुन्हा एक घोट. तिचा.

आणि एक इथे, अगदी जवळ, माझ्या खांद्या